घरची वजावट

“टाचा टेकव. हां. आता हलायचं नाही,” अप्पा म्हणाले.

भिंगरी लगेच हलली. अडीच वर्षांच्या पोरीला चौकटीला पाठ लावून उभं केलं की नेमकं तेव्हाच तिला पोट खाजवायचं असतं. अप्पांनी न रागावता पट्टी पुन्हा तिच्या डोक्यावर आडवी धरली. पट्टीवर बोटाएवढी पाणसळ ठेवली, आतला बुडबुडा मधोमध येईपर्यंत श्वास रोखला, आणि मग पेन्सिल पट्टीच्या दोन सूत खाली आणून रेघ ओढली. शेजारी मुंगीसारख्या अक्षरात तारीख.

स्वयंपाकघराच्या दारात ताटं पुसत उभ्या असलेल्या सुनेने ती दोन सुतं पाहिली. त्या चौकटीवर डावीकडे तिच्या नणंदेच्या, ताईंच्या, लहानपणीच्या रेघा होत्या, उजवीकडे तिच्या नवऱ्याच्या. सगळ्याच्या सगळ्या दोन सूत खाली. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिला हे गंमत म्हणून दाखवलं होतं, आणि तीही हसली होती.

“अप्पा, ती रेघ पुसा.”

“का? वाकडी आली?”

“खाली आली.”

“खालीच येते ती,” अप्पा हसले. “तुला सांगितलंय की, सूनबाई. मोजणाऱ्याच्या हाताला माया असते. माया काट्यावर जाऊन बसते आणि आकडा फुगतो. म्हणून आपल्या माणसाचं माप घेतलं की दोन कमी करायचे. तुझ्या नणंदेला गणितात नव्वद पडले की मी अठ्ठ्याऐंशी म्हणायचो. काय वाईट झालं तिचं?”

“तिच्या डोक्याला जिथे पट्टी लागली तिथे रेघ मारा. नाहीतर मारूच नका.”

तिने भिंगरीला काखेत उचललं. आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा वर गेला होता. आत सासूबाईंचा, माईंचा, डाव पातेल्यावर वाजायचा थांबला.

अप्पांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. चौतीस वर्षं कंपनीच्या प्रयोगशाळांमध्ये काढलेला माणूस. त्यातली शेवटची अठरा सहा प्रयोगशाळांचा आणि चारशे माणसांचा प्रमुख म्हणून. त्यांच्याशी असं कोणी बोलत नसे. “झोप झालेली दिसत नाही तुझी,” एवढंच ते म्हणाले आणि पेन्सिल खिशात अडकवून हात धुवायला गेले.

झोप झाली नव्हती, हे खरं. बुधवारी अप्पांचा निरोप समारंभ होता, आणि त्यात वाटायच्या गौरवपुस्तिकेचं काम सुनेच्या गळ्यात पडलं होतं. “तू मुद्रितशोधक, घरचीच आहेस, करून टाक,” म्हणून. कागदपत्रांचं आख्खं कपाट अप्पांनी तिच्या हवाली केलं होतं. भिंगरी दुपारी पाऊण तास झोपते. त्या पाऊण तासात अप्पांचं एक वर्ष, असं करत तिने त्यांचं सगळं आयुष्य वाचलं. दिवे तपासायच्या खोलीत, कोणता दिवा किती तासांनी विझतो हे वहीत लिहीत बसणारा चोवीस वर्षांचा पोरगा. मग त्या वेळचे प्रमुख आणि त्यांचा जावई यांचं प्रकरण: सासरे जावयाच्या प्रयोगशाळेचे आकडे सात वर्षं फुगवत राहिले, आणि ऐंशी हजार दिवे गिऱ्हाइकांनी परत पाठवले. खरे तास लिहिलेली वही घेऊन संचालकांसमोर एकटे उभे राहिले ते अप्पा. ते वाचताना सुनेचे डोळे भरून आले होते.

आणि काल दुपारी, पुस्तिकेच्या शेवटच्या पानासाठी यंदाचे कागद चाळताना, हा कागद निघाला. कालपासून तो तिच्या खिशात होता. पोरीला भरवताना, निजवताना, धुणं वाळत घालताना तो खिशात चुरचुरत होता.

दाराची घंटी वाजली. ताई आल्या.

*

ताई आल्या की घर भरतं. त्या अप्पांसारख्याच उंच, अप्पांसारख्याच भौतिकशास्त्राच्या, आणि अप्पांच्याच कंपनीत पाच नंबरच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख. फरक एवढाच की त्या बोलताना हात उडवतात.

“भिंगरे, इकडे ये. जादू बघ!” त्यांनी पिशवीतून तळहाताएवढी काच काढली. स्वच्छ, पाण्यासारखी. ती खिडकीत उन्हात ठेवली, आणि बघता बघता काच चहाच्या रंगाची झाली, मग चांगलीच काळपट. भिंगरीने तोंडाचा चंबू केला. ताईंनी काच सावलीत ओढली. काच पुन्हा पाणी.

“सहा वर्षं लागली याला,” ताई म्हणाल्या. “ऊन आलं की आपोआप गडद. वीस हजार वेळा काळी-पांढरी करून झाली, एक डाग नाही. अप्पा, तुमच्यासाठी आणलीय. आमच्या अकरा जणांकडून. मावशींनी स्वतः धुऊन दिली. त्या आमच्या काच धुणाऱ्या, कोणाला हात लावू देत नाहीत.”

अप्पांनी काच उजेडासमोर धरून आधी कडा पाहिल्या. “कोपऱ्यात थर पातळ आहे.”

“अर्ध्या केसाएवढा.”

“पातळ आहे.”

“बरं, आहे,” ताई हसत म्हणाल्या आणि काच पुन्हा खिडकीत उन्हात ठेवून दिली.

सुनेला ते हसू बघवेना. सगळे टेबलाशी बसले होते. धाकटा, म्हणजे तिचा नवरा, पाणी ओतत होता. माई पातेलं घेऊन येत होत्या. आधी जेवू दे, मग, असं तिने ठरवलं होतं. पण ताई म्हणाल्या, “उद्या संचालकांची बैठक ना, अप्पा? तुमची शेवटची. आमचं मोठ्या भट्टीचं मागणं त्यात येईल का हो?” आणि अप्पा म्हणाले, “बघू.”

सुनेने खिशातून कागद काढला आणि ताईंच्या ताटात ठेवला.

*

ताईंनी तो दोनदा वाचला. पहिल्यांदा डोळ्यांनी, दुसऱ्यांदा ओठ हलवत.

प्रयोगशाळा क्रमांक पाच. प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी दिलेला आकडा, दहापैकी: सहा. संशोधन प्रमुखांनी ठरवलेला आकडा: चार. पाचच्या खाली. शिफारस: प्रयोगशाळा बंद करावी. माणसांना तीन महिन्यांची सूचना द्यावी.

खाली सही. ती सही त्यांच्या प्रत्येक प्रगतिपुस्तकावर होती.

“अप्पा, चार?”

“कंपनीचा कागद जेवणाच्या टेबलावर कोणी आणला?”

“मी,” सून म्हणाली.

“तुला कपाट पुस्तिकेसाठी दिलं होतं.”

“अप्पा, मी तुमच्याशी बोलतेय!” ताईंनी टेबलावर हात आपटला. ताटं हलली. “चार कुठून आणलेत? तीनदा आमच्याकडे येऊन गेलात. काच बघितलीत. मावशींच्या हातचा चहा प्यायलात. तिथे उभं राहून ‘छान चाललंय’ म्हणालात. आणि इथे येऊन चार?”

“आवाज खाली. तू सहा लिहिलेस. मी दोन वजा केले. त्यात एवढं काय? प्रमुख मी, प्रयोगशाळा माझ्या मुलीची. उद्या त्या टेबलाभोवती बसलेला प्रत्येक माणूस हेच बघणार की बापाने लेकीला किती दिले. इतर पाच प्रयोगशाळांचे आकडे मी जसेच्या तसे ठेवलेत. तू परकी असतीस तर सहा ते सहाच राहिले असते.”

“म्हणजे मी परकी असते तर अकरा माणसं कामावर राहिली असती.”

“असं बोलून—”

“असंच आहे ते! आमच्या तंत्रज्ञाने मागच्या महिन्यात घर बदललं, प्रयोगशाळेजवळ राहायला मिळावं म्हणून. त्याला काय सांगू? माझ्या वडिलांना माझी फार माया आहे, म्हणून तुझी नोकरी गेली?”

धाकटा पुढे झुकला. “ताई, जरा समजून घे ना. अप्पांच्या जागी दुसरं कोणी असतं तरी—”

“तू गप्प बस रे.”

“नाही, तत्त्व म्हणून बघ. सासरे-जावयाचं प्रकरण कंपनी अजून विसरलेली नाही. अप्पांचं नाव कशावर उभं आहे? या दोनावरच. सहाचे चार झाले, वाईट झालं, पण सहा म्हणजे तरी काय फार—”

“सहा नव्हते,” ताई म्हणाल्या.

अप्पांची मान वर झाली. “काय?”

“सहा नव्हते ते, अप्पा. आठ होते.” ताई हसल्या, पण ते हसू तोंडाच्या एकाच बाजूला आलं. “वीस हजार वेळा टिकलेली काच जगात कोणाकडे आहे? आठ. कोणालाही विचारा. मी आठ धरले, मग माझी स्वतःची प्रयोगशाळा म्हणून दोन वजा केले, आणि सहा लिहिले. दर वर्षी करते. शाळेत असल्यापासून करते. तुम्हीच शिकवलंत.”

भिंगरीने चमचा खाली टाकला आणि “पल्ला” असं जाहीर केलं. तो कोणी उचलला नाही.

*

अप्पा उठून उभे राहिले तेव्हा धाकट्याला वाटलं, आता ते ताईच्या डोक्यावर हात ठेवणार. पण अप्पांचा चेहरा लाल झाला होता.

“तू खोटा आकडा लिहिलास?”

“खोटा?”

“प्रयोगशाळेच्या प्रमुखाने खरा आकडा लिहायचा असतो! जे मोजलं ते! वजावट मोजणाऱ्याने करायची, ज्याचं माप घेतात त्याने नाही. एकच दुरुस्ती दोनदा केलीस तू! पहिल्या वर्षाच्या पोराला कळतं हे. पट्टी आखूड आहे म्हणून त्यानेही कापायचं आणि यानेही कापायचं, मग राहील काय?”

“मी! मी राहीन, अप्पा! एवढीशी!” ताईंनी दोन बोटांत चिमूटभर जागा धरून दाखवली. “बत्तीस वर्षांची झाले. अजून कोणी ‘काम चांगलं झालं’ म्हटलं की मी मनात दोन कापते आणि मग आभार मानते. आणि तुम्ही मला खोटारडी म्हणता?”

“मी तुला कधी सांगितलं होतं का स्वतःचे दोन काप म्हणून?”

“सांगायला कशाला लागतं? ती चौकट काय नुसती उभी होती घरात?”

धाकट्याने पाण्याचा पेला उचलला. पेला रिकामा होता, तरी तो प्यायला. त्याच्या लक्षात आलं की समोरून बायको त्याच्याकडे बघतेय. ती भांडणाकडे बघत नव्हती. त्याच्याकडे बघत होती. छापील मजकुरात चुकलेली वेलांटी शोधताना ती अशीच बघते.

“तक्ता कोण तयार करतं?” तिने विचारलं. आवाज अगदी साधा.

“कुठला तक्ता?”

“सहाही प्रयोगशाळांचे आकडे मांडून संचालकांकडे जातो तो. नियोजन विभागात होतो ना तो? तुझ्या?”

“माझ्याकडे बरीच माणसं आहेत.”

“हा तक्ता कोणी केला?”

ताईंनी मान वळवली. धाकटा काही क्षण कागदावरच्या त्या नीट आखलेल्या चौकोनांकडे बघत राहिला. चौकोन त्यानेच आखले होते.

“तुला माहीत होतं,” ताई म्हणाल्या.

“हे बघ, ताई—”

“तू माझ्याबरोबर वाढलास. मी स्वतःचे दोन कापते हे तुला माहीत होतं. माझा सहा तुझ्या टेबलावर आला, तुला कळलं तो आठ आहे. अप्पांचा चार आला, तुला कळलं काय झालंय. आणि तू रेघा आखत बसलास?”

“मी काय करायला हवं होतं? अप्पांना जाऊन सांगू, की ताईचे वाढवा? सख्ख्या बहिणीसाठी शब्द टाकू? मी तर तुझा कागद आला की खोलीतून बाहेर जायचो. मुद्दाम. म्हणजे कोणी बोट दाखवायला नको.” त्याला स्वतःचाच आवाज केविलवाणा वाटला, म्हणून तो चढला. “मीसुद्धा याच घरात वाढलोय! मला वरची जागा दोनदा चालून आली, दोनदा मी नको म्हणालो. का, ते विचार या माणसाला! मीही वजाच करतोय की, सगळ्यांसारखा!”

“वा!” ताई म्हणाल्या. “बापाने दोन कापले, मी दोन कापले, आणि भाऊ खोलीबाहेर जाऊन उभा राहिला. काय घर आहे! शत्रूची गरजच नाही.”

“पुरे,” अप्पा म्हणाले. “हे घर आहे, बाजार नाही. झालं ते झालं. आकडा गेलाय. आता तो वाढवला तर लोक म्हणतील, लेक घरी येऊन रडली आणि म्हाताऱ्याने जाता जाता आकडा फिरवला. चौतीस वर्षं मी एका आकड्यालाही हात लावू दिला नाही कोणाला. शेवटच्या चार दिवसांत लावू?”

“आणि चूक असेल तर?” सून म्हणाली.

“चूक माझी नाही.”

पातेलं टेबलावर आदळलं.

*

माईंनी ते आदळलं नव्हतं, हातातून सुटलं होतं. पण आदळल्यावर त्यांना बरं वाटलं.

माईंचे हात काच फुंकणारे हात होते. कंपनीच्या काचकामशाळेत त्यांनी तीस वर्षं ज्योतीपुढे बसून नळ्या वाकवल्या, फुगे फुंकले. अप्पांच्या पहिल्या प्रयोगाला लागलेला प्रत्येक फुगा माईंनी फुंकलेला. तिथेच दोघांची ओळख झाली. पोरांना एवढं माहीत होतं. पुढचं माहीत नव्हतं. माईंनी ते कधी कोणाला सांगायचं नाही असं ठरवलं होतं, आणि चोवीस वर्षं पाळलं होतं.

“आमच्या काचकामशाळेचे मुख्य आठवतात का गं तुला?” त्यांनी ताईला विचारलं. “टकले. सारखे शिंकणारे.”

“हो. त्यांचं काय आता?”

“त्यांना सरळ नळी जोडता येत नसे. जोड फुटायचा. रात्रपाळीला मी परत जोडून द्यायचे.” माई खुर्चीत बसल्या. “मुख्याच्या जागेसाठी परीक्षा घेतली होती. आठ जण बसलो होतो. मी पहिली आले. ते दुसरे. एका गुणाने.”

अप्पा म्हणाले, “अगं, ते आत्ता कशाला?”

“एका गुणाने पहिली आले, आणि जागा त्यांना मिळाली. का मिळाली, ते मी तेव्हा विचारलं नाही. घरी येऊन कुकर लावला. यांच्या टेबलावर कागद होता, पुसताना दिसला. परीक्षकांत हेही होते. माझ्या गुणांवर यांच्या हाताने काट मारलेली. दोन कमी.”

ताई उभ्याच राहिल्या. धाकट्याने पेला खाली ठेवला.

“एकोणीस वर्षं मी त्या माणसाच्या हाताखाली काम केलं,” माई म्हणाल्या. “एकोणीस वर्षं तो मला ‘बाई, जोड नीट लावा’ म्हणत होता. मी म्हटलं, जाऊ दे. यांचं नाव आहे. नावाला डाग नको. माझं काय, मी घरचीच.” त्या अप्पांकडे वळल्या. “मी गिळलं ते माझं होतं, म्हणून गिळलं. हिचं मी गिळणार नाही. अहो, ऐकताय ना? त्या टकल्याची मला आयुष्यभर चीड आली नाही. तुमची आली. रोज आली. आणि रोज तुम्हाला वाढलं.”

“मला कधी बोलली नाहीस,” अप्पा म्हणाले.

“तुम्हाला मोजता येतं ना सगळं? मग बघायचं होतं मोजून.”

माईंनी हात लांब करून भिंतीजवळच्या फोनकडे बोट दाखवलं. त्या बोटावर भाजल्याचा जुना पांढरा डाग होता.

“अध्यक्षांना फोन लावा. आत्ता.”

*

अध्यक्ष घरीच होते. मागे कोणाचं तरी हसणं ऐकू येत होतं. अप्पांनी माफी मागून सुरुवात केली, रविवारी त्रास देतोय म्हणून. मग ते ताठ उभे राहिले, जसे तरुणपणी ती वही घेऊन उभे राहिले असतील, आणि म्हणाले, “माझ्या तक्त्यात एक चूक आहे. प्रयोगशाळा पाच. एकच वजावट दोनदा झाली. एकदा तिकडून, एकदा माझ्याकडून. हो, माझ्या मुलीची प्रयोगशाळा. हो, मला कल्पना आहे लोक काय म्हणतील. म्हणू देत. चूक ती चूक.”

सुनेला वाटलं, हे वाक्य पुस्तिकेत घ्यायला हवं. राग असूनही तिला तसं वाटलं, आणि त्याचाही राग आला.

अप्पांनी फोनवर हात ठेवला. ताईंकडे वळले. “किती?”

ताईंनी तोंड उघडलं आणि मिटलं.

“किती लिहायचे? खरा आकडा सांग.”

“थांबा.” ताईंनी खुर्चीची पाठ धरली. मघाशी ओरडताना आठ सहज तोंडातून गेलं होतं. आता कोणीतरी ते लिहून घेणार म्हटल्यावर लगेच मनात आलं: कोपऱ्यात थर पातळ आहे. अर्ध्या केसाएवढा. आणि मोठ्या काचेवर अजून करून बघितलेलं नाही. म्हणजे साडेसात? सात? सात म्हटलं तर कोणी काही म्हणणार नाही.

“ताई,” सून हळूच म्हणाली, “खिडकीत बघा.”

खिडकीत ती काच उन्हात काळीभोर होऊन बसली होती. टेबलावर तिची छोटी चौकोनी सावली पडली होती, आणि भिंगरी त्या सावलीत हात घालून काढत होती, घालून काढत होती.

“आठ,” ताई म्हणाल्या. आणि मग जरा मोठ्याने, कोणाला तरी आव्हान दिल्यासारखं, “आठ.”

अप्पांनी मान डोलावली. फोनवरचा हात काढला.

“हां. लिहून घ्या. चार खोडा,” ते म्हणाले. “सहा करा.”

फोनमधला आवाज खोलीभर ऐकू आला. “सहा ना? मग सुटली की! पाचच्या वर आहे. उद्या सकाळी बदलून घेतो. बरं झालं सांगितलंत. अशी माणसं आता राहिली नाहीत बघा.”

अप्पांनी फोन ठेवला. बऱ्याच वर्षांत त्यांना इतकं हलकं वाटलं नव्हतं. “वाचली तुझी प्रयोगशाळा,” ते वळून म्हणाले. “जा, सांग त्या मावशींना.”

धाकटा टेबलाकडे बघत होता. सुनेने तोंडावर हात ठेवला होता. माईंनी डोळे मिटले होते.

“काय झालं?” अप्पा म्हणाले.

“तुम्ही सहा म्हणालात,” सून म्हणाली.

“हो. आठातून—” आणि अप्पा थांबले.

ते कधी झालं, त्यांना कळलंच नव्हतं. ताईचा आठ कानात शिरला तेव्हा आठ होता. तोंडातून निघेपर्यंत वाटेत कुठेतरी दोन गळून पडले होते. कोणी हिशोब केला नव्हता. त्यांनी फोनकडे हात नेला.

“राहू द्या,” ताई म्हणाल्या. “सहाने भागतंय. माझी माणसं राहिली. मला तेवढंच पाहिजे होतं.” त्यांनी खिडकीतली काच उचलली. ती त्यांच्या तळहातावर हळूहळू उजळत गेली. त्यांनी ती रुमालात गुंडाळून परत पिशवीत टाकली.

“ती माझ्यासाठी आणली होतीस ना,” अप्पा म्हणाले.

“कोपऱ्यात पातळ आहे, अप्पा.”

“जेवून तरी जा गं,” माई म्हणाल्या.

“तुझ्याकडे येईन जेवायला. यांचा समारंभ झाला की येईन.” ताईंनी वाकून भिंगरीच्या केसांवर ओठ टेकवले, भावाला ओलांडून गेल्या, आणि दार लावलं. आपटलं नाही. नीट लावलं. ते जास्त लागलं.

धाकटा उठून तिच्या मागे निघाला. मग थांबला. मग चपला घालून खरंच गेला. जिन्यावर त्याची हाक ऐकू आली, “ताई, थांब ना! अगं, थांब तरी!” ती थांबली की नाही हे वर कळलं नाही.

माईंनी अप्पांचं ताट पुढे ओढलं. पातेल्यातून एक डाव भात वाढला. दुसरा वाढला. तिसरा, चौथा, रोजचे चार. अप्पा खुर्चीत बसले आणि ताटाकडे हात केला. तेव्हा माईंनी डाव पुन्हा ताटात घातला, एक डाव भात उचलून पातेल्यात टाकला, मग आणखी एक, आणि कडेला चिकटलेली शितंसुद्धा निपटून घेतली.

“तुम्ही घरचे ना,” त्या म्हणाल्या आणि पातेल्यावर झाकण ठेवलं.

मागे चौकटीजवळ सून ओल्या फडक्याने काहीतरी घासत होती. खस, खस. भिंगरी विचारत होती, “काय कलते? आई, काय कलते?”

अप्पा दोन डाव भात जेवले. सावकाश. ताट रिकामं झालं तेव्हा त्यांना अजून भूक होती. पातेलं हाताच्या अंतरावर होतं आणि माई समोर बसल्या होत्या. आणखी वाढ, असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं. किती वाढ म्हणायचं, ते त्यांना ठरवता येईना.